विश्लेषण : ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, म्हणजे ते खरेच असते का?

एखाद्या औषधाची, लशीची किंवा साथीची बातमी ‘लॅन्सेट’च्या हवाल्याने आली, की ती अधिक गांभीर्याने वाचली जाते. दोनशे वर्षांहून जुन्या या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने कायदे आणि धोरणे बदलायला लावली. मात्र त्यातीलच एका लेखामुळे असंख्य पालकांचा लशीवरचा विश्वास उडाला. या नियतकालिकाला एवढे वजन कसे आले? त्यावर किती विसंबावे?

सुरुवात कशी झाली?

थॉमस वॅकली या तरुण शल्यविशारदाने ५ ऑक्टोबर १८२३ रोजी लंडनमध्ये ‘द लॅन्सेट’ सुरू केले. लॅन्सेट म्हणजे शस्त्रक्रियेतील नस्तर, तसेच टोकदार कमानीची खिडकीही. सडलेले कापायचे आणि उजेड आत घ्यायचा, हे धोरण नावातच होते. बड्या शल्यविशारदांची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांना भरमसाट शुल्क मोजावे लागे. वॅकलीने ती थेट छापली. रुग्णालयांतील वशिलेबाजीवरही त्याने टीका केली. १८२८ मध्ये गाइज रुग्णालयातील मूतखड्याची एक शस्त्रक्रिया तासभर रेंगाळली आणि रुग्ण दगावला. ‘लॅन्सेट’ने हा प्रकार छापताच शल्यविशारद ब्रान्सबी कूपर यांनी बदनामीचा दावा लावला. मागणी २,००० पौंडांची होती, न्यायालयाने दिले १०० पौंड.

प्रभाव किती?

१८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हॅसल यांनी लंडनमधील खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे-पत्ते ‘लॅन्सेट’ने छापले. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा झाला. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत (१८६७) आणि पेनिसिलिनचे उंदरांवरील प्रयोग (१९४०) जगापुढे आले ते याच पानांतून.

महाराष्ट्राचा संबंध काय?

गडचिरोलीतील डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. १९९९ मध्ये त्यांचा दुसरा शोधनिबंध आला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटू शकतो, हे त्याने दाखवले. पुढे केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर राबवली.

चुका कोणत्या झाल्या?

फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा केवळ १२ मुलांवर आधारित लेख छापून आला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, असा संशय त्यातून पसरला. इंग्लंडमधील या लशीकरणाचे प्रमाण काही वर्षांत सुमारे ८० टक्क्यांवर घसरले आणि गोवर परतला. लेख पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडले.

कोविडकाळात, २२ मे २०२० रोजी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन धोकादायक असल्याचे सांगणारा लेख आला. त्यात ९६ हजार रुग्णांच्या नोंदींचा दावा होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. मात्र मूळ नोंदी दाखवायला त्या पुरवणारी कंपनी तयार नव्हती. १३ दिवसांत लेख मागे घेतला गेला. हे औषध कोविडवर गुणकारी नाही, हे पुढे इतर चाचण्यांतून सिद्ध झाले. पण म्हणून आधीचा लेख खरा ठरत नाही.

तपासणीत हे सुटते कसे?

लेख छापण्यापूर्वी त्या विषयाचे तज्ज्ञ तो वाचतात. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकडेवारीतून निघतो का, हे ते पाहतात. मूळ केसपेपर मात्र ते सहसा तपासत नाहीत. लेखकाने आकडेच बनावट दिले असतील, तर ही चाळणी अपुरी पडते. २०२० नंतर ‘लॅन्सेट’ने नियम बदलला. आता एकापेक्षा अधिक लेखकांना मूळ माहिती स्वतः पडताळल्याचे लिहून द्यावे लागते.

वाचकांनी काय पाहावे?

पहिला प्रश्न, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे? मे २०२१ मध्ये भारताच्या कोविड हाताळणीवर टीका करणारा मजकूर संपादकीय होता. ते मत होते, संशोधन नव्हे. दुसरा, अभ्यास किती जणांवर झाला? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, इतरांनाही तोच निष्कर्ष मिळाला का? नावाजलेल्या नियतकालिकात लेख येणे ही तपासणीची पहिली पायरी असते, शेवटची नव्हे.