चौलची वाडी, खानावळ आणि धंद्याचा संघ

चौल हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला, तो याच किनाऱ्यावर उतरला. येथील माल त्या काळी गिऱ्हाइकाच्या शोधात गलबतांतून दूरदेशी जात असे. बंदराचे वैभव पुढे ओसरले. वाड्या मात्र टिकल्या. नारळ-सुपारीच्या सावलीत केळी, मिरवेल, जायफळ अशी पिके घेण्याची येथील रीत आजही चालू आहे. आता मात्र स्थिती उलट झाली आहे. माल गिऱ्हाइकाकडे जाण्याऐवजी गिऱ्हाईकच मालाच्या दाराशी येऊ लागले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतच्या घरगुती खानावळींत आणि निवासगृहांत पाहुण्यांची पंगत बसते.

ह्या पंगतीला लागणारा नारळ, केळीचे पान, तांदूळ, वाल, तोंडली, पांढरा कांदा आणि मासळी हा सारा जिन्नस याच तालुक्यात निपजतो. असे असूनही तो शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविण्याची नीट बांधलेली व्यवस्था नसेल, तर दोन्ही बाजूंची हानी होते. बागाईतदार भाव पडल्याची तक्रार करतो, खानावळवाला माल वेळेवर मिळत नाही म्हणून दूरच्या बाजाराची वाट धरतो. ही उणीव कोणा एका व्यक्तीच्या हुशारीने भरून येणारी नाही. त्यासाठी पुरवठ्याच्या धंद्यातील सर्वांनी मिळून चालविलेला संघ हवा.

पुरवठा हाही स्वतंत्र धंदा आहे

शेतमाल बाजारात नेऊन विकणे आणि खानावळीस नियमित पुरवठा करणे ही दोन कामे वरवर सारखी दिसतात. वस्तुतः ती भिन्न आहेत. बाजारात माल येईल तसा विकला जातो. भटारखान्याचे तसे नसते. त्याला ठराविक वारी, ठराविक वेळी, ठराविक आकाराचा आणि ठराविक परिमाणाचा माल लागतो. शनिवारी सकाळी यावयाचे नारळ रविवारी दुपारी आले, तर ते कितीही उत्तम असले तरी त्या पंगतीच्या उपयोगाचे नाहीत. मासळीचे गणित तर याहून नाजूक आहे. होडी किनाऱ्याला लागल्यापासून बर्फ, पेटी आणि वाहन यांची साखळी तुटता कामा नये.

समजा, एका खानावळीस आठवड्यास वीस सोललेले नारळ लागतात. एवढ्यासाठी वाहन करणे कोणासही परवडणार नाही. परंतु अशा पंधरा खानावळींची मागणी एका वहीत उतरली, तर ती तीनशे नारळांची होते. तेवढ्यासाठी सोलणाऱ्यास दिवसाची मजुरी देता येते, नारळ आकाराप्रमाणे निवडता येतात आणि एकाच फेरीत माल पोहोचवता येतो. नारळ तेच, वाडी तीच. फरक पडतो तो केवळ एकत्र मांडणीमुळे. ही वही ठेवणारा कोणावर पक्षपात न करणारा असला पाहिजे. अशा निःपक्षपाती कामासाठीच धंद्याचे संघ जन्मास येतात.

संघ कोणती कामे करतो

‘सहकारी सोसायटी आहे, शेतकरी उत्पादक कंपनीही काढता येते, मग आणखी संघ कशाला?’ असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सोसायटी किंवा कंपनी स्वतः खरेदी-विक्री करते. धंद्याचा संघ सहसा खरेदी-विक्री करीत नाही. ती सर्वांना नीट करता यावी यासाठी तो रस्ता मोकळा करतो. भावाची माहिती पुरविणे, प्रत ठरविणे, नवख्यांस शिकविणे, तंटे मिटविणे आणि सरकारपुढे धंद्याची बाजू मांडणे ही त्याची कामे होत.

महाराष्ट्रास ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या धान्य व्यापाऱ्यांची ‘ग्रोमा’ ही संस्था १८९९ सालापासून काम करीत आहे. द्राक्ष बागाईतदारांनी १९६० साली आपला राज्य संघ स्थापन केला. मुंबईच्या हॉटेल व उपाहारगृह चालकांची ‘आहार’ ही संघटना १९७९ पासून चालू आहे. याहून बोधप्रद उदाहरण अंड्यांच्या धंद्याचे आहे. अंड्याचा भाव पूर्वी व्यापारी ठरवीत आणि खर्चही भरून न निघाल्याने कोंबडीपालक मेटाकुटीस येत. पुण्याच्या बी. व्ही. राव यांनी गावोगावच्या कोंबडीपालकांस संघटित केले आणि त्यातून १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ही समिती विभागवार दररोजचा भाव सुचविते आणि अंड्यांचा खप वाढावा म्हणून जाहिरातही करते. लहानशा गावातील कोंबडीपालकास आज सौद्याला बसण्यापूर्वी मोठ्या शहरातील भाव ठाऊक असतो. अज्ञानात केलेला सौदा आणि माहितीने केलेला सौदा यांत किती अंतर असते, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नकोच.

परदेशातील एक दाखलाही विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत हॉटेले, शाळा, इस्पितळे यांच्या भटारखान्यांस माल पुरविणाऱ्या वितरकांची एक स्वतंत्र संघटना आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तेथील उपाहारगृहे बंद पडली. वितरकांच्या मालमोटारी, गुदामे आणि माणसे रिकामी बसली. त्याच वेळी किराणा दुकानांवर मात्र गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि तेथे माल पोहोचविण्यास साधने अपुरी पडू लागली. तेव्हा ह्या संघटनेने किराणा धंद्याच्या संघटनेशी बोलणे करून एकाची रिकामी साधने दुसऱ्याच्या नडीस लावण्याची सोय केली. एकेकट्या वितरकास असा मेळ इतक्या त्वरेने घालता आला नसता. कोणाकडे काय आहे आणि कोणास काय हवे आहे, याची नोंद संकटापूर्वीच ठेवलेली असली, तरच ती संकटात उपयोगी पडते.

निसर्ग वादळाचा धडा

चौलकरांस हे पटवून देण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्याच वर्षी टाळेबंदीने खानावळी बंद असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. भाताचे पीक गेले तर पुढील पावसाळ्यात पुन्हा उभे राहते. पोफळ किंवा माड पडला तर नवे झाड फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. परंतु चौलसारख्या ठिकाणी वाडी गुंठ्यांत मोजली जाते आणि तेवढ्या जागेत झाडे दाटीने उभी असतात. तेथे हेक्टरी मोजमापाने बागाईतदाराच्या पदरी अल्प रक्कम पडते. नुकसान झाडागणिक मोजावे, हे म्हणणे न्याय्य होते. असे म्हणणे आकडेवारीसह, एकमुखाने आणि योग्य कचेरीत मांडणे हे संघाचे काम आहे. ज्या वाडीची झाडे आधी मोजून नोंदलेली असतात, तिचा पंचनामाही वादाविना होतो.

कायद्याची वाट आणि तिचे काटे

सध्याचा कायदा थेट पुरवठ्यास बराच अनुकूल आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे आवाराबाहेर, थेट खानावळीस माल विकण्यास आडकाठी राहिली नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने शेतकऱ्याचे शेतावरील उत्पादन आणि मच्छीमाराचा व्यवसाय यांस आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. मात्र तोच माल साठवून, निवडून, प्रक्रिया करून पुरविणाऱ्यास नोंदणी वा परवाना लागतो. ही सीमारेषा कोठे पडते हे समजावून सांगणे, अर्ज भरण्यास मदत करणे आणि स्वच्छतेचे वर्ग चालविणे हे संघाने सहज करता येण्यासारखे आहे.

कराचेही तसेच आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला; मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. उपाहारगृह चालकांच्या संघटनांनी ही वजावट परत मिळावी अशी मागणी लावून धरली. बागाईतदाराने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताजी भाजी, नारळ, ताजी मासळी यांवर हा कर नाही. म्हणजे वजावट गमावलेल्या खानावळीस असा ताजा माल घेताना कराचा भुर्दंड बसत नाही. ही माहिती वाडीपर्यंत पोहोचली, तर सौद्यात तिचा उपयोग होतो.

संघाची पथ्ये

संघ स्थापन झाला म्हणजे सर्व साधले असे मानणे चुकीचे ठरेल. संघ बिघडण्याचे तीन मार्ग आहेत आणि ते आरंभीच बंद केले पाहिजेत.

पहिला मार्ग भाव बांधण्याचा. भावाची माहिती देणे वेगळे आणि ‘याखाली कोणी विकू नये’ असा हुकूम काढणे वेगळे. २००२ च्या स्पर्धा कायद्यास दुसरा प्रकार मंजूर नाही आणि गिऱ्हाईकही तो फार काळ सोसत नाही. दुसरा मार्ग मूठभरांच्या हाती कारभार जाण्याचा. समितीत मोठे व्यापारीच बसले, तर पाच गुंठ्यांच्या वाडीवाल्याचा आवाज बुडतो. म्हणून बागाईतदार, मच्छीमार, वाहतूकदार आणि खानावळ चालविणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी जागा नेमून ठेवाव्यात. खानावळीचा भार बहुधा घरच्या बायकांवरच असतो. त्यांना वगळून केलेली मांडणी अपुरी राहील.

तिसरा मार्ग नावाला बट्टा लागण्याचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भातकापणीनंतर घेतल्या जाणाऱ्या ह्या कांद्याची माळ रुचीसाठी ओळखली जाते. हे नाव संपूर्ण तालुक्याची ठेव आहे. बाहेरचा पांढरा कांदा त्याच नावाने खानावळीत वाढला गेला, तर फसवणूक पाहुण्याची होते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. माल कोठून आला याची चिठ्ठी प्रत्येक पोत्याबरोबर जावी, एवढा नियम संघाने कसोशीने पाळावा. भाव एखाद्या हंगामात पडला तर पुढे सावरतो. गेलेली पत लवकर परत येत नाही.

आरंभ कोठून करावा

चौलच्या परिसरात असा संघ उभा करताना मोठी इमारत किंवा शीतगृह यांपासून सुरुवात करू नये. पहिल्या वर्षी तीन कामे पुरेशी आहेत. एक, खानावळींची पुढील आठवड्याची मागणी आणि वाड्यांतील उपलब्ध माल यांची एकत्र नोंद ठेवावी. दोन, नारळ, केळी, कांदा यांच्या दोन-तीन प्रती ठरवून त्यांचा नमुना सर्वांस दाखवावा. तीन, आठवड्यातून दोन फेऱ्यांचे सामाईक वाहन लावावे. वर्गणी बेताची ठेवावी आणि तिचा हिशेब दर तिमाहीस फळ्यावर लावावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकी मासळी, सोडे, वाल आणि पावसाळी भाज्यांवर खानावळींचा बेत कसा बसवावा, याचा विचारही संघाच्या बैठकीत आधीच व्हावा.

नवी झाडे लावणाऱ्या बागाईतदारांस याचा लाभ आणखी एका दृष्टीने आहे. माड फळास येईपर्यंत मधल्या जागेत काय घ्यावे हा त्यांच्यापुढील प्रश्न असतो. कोकणात कृषी शास्त्रज्ञांनी नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ ही मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ सुचविली आहे. भटारखान्यास वर्षभर काय लागते याची नोंद हाती असली, तर आंतरपिकाची निवड अंदाजाने न करता मागणी पाहून करता येते.

खानावळीचे ताट हे चौलच्या शेतकऱ्याच्या दाराशी आलेले बाजारपेठेचे द्वार आहे. ते उघडे ठेवावयाचे तर माल चांगला असून भागत नाही. तो वेळेवर, खऱ्या नावाने आणि ठरल्या प्रतीने पोहोचला पाहिजे. हे काम एकट्याच्या आवाक्यातील नाही. पण दहा-वीस घरांनी एकत्र बसून वही घातली, तर ते अवघडही नाही. येत्या हंगामाची वाट न पाहता चौलच्या बागाईतदारांनी व खानावळ चालकांनी ही पहिली बैठक भरवावी.