घडणावळ फक्त सराफाचीच का?



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. मुलीच्या आईने सराफाकडून घडवून आणलेला कोल्हापुरी साज आम्हा सगळ्यांना दाखवला. ‘नुसती घडणावळच किती घेतली बघा,’ असं तिने थोडं कौतुकानेच सांगितलं. घडणावळ जास्त म्हणजे काम नाजूक, असा तिचा हिशेब. तो बरोबरही होता.

पाचच मिनिटांनी त्याच वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या गळ्यातला तन्मणी हातात घेऊन म्हणाल्या, ‘हा तूच केलास ना? मला असे चार दे करून, करवल्यांना द्यायचेत. सामानाचे काय होतील ते सांग. तुझं काय, घरच्या घरीच तर करतेस.’

मी म्हटलं, ‘एकाचे सातशे, वहिनी.’

त्यांनी तन्मणी सोडला. ‘आता आपल्यातच धंदा करायला लागलीस होय?’

मला राग आला, पण घरी येताना कळलं की त्या एकट्या वहिनींवर रागावून उपयोग नाही. ‘घरच्या घरी तर करतेस’ हे वाक्य सहा वर्षं मीच लोकांना शिकवलं होतं. म्हणून आज जे लिहितेय ते वहिनींना, आपल्या महिला मंडळाला आणि सगळ्यांत आधी मला स्वतःला. माझं म्हणणं एवढंच आहे: जी बाई आपली मजुरी किमतीत धरत नाही, ती त्याग करत नसते. ती खोटा हिशेब लिहीत असते. आणि त्या खोट्या हिशेबाची किंमत दुसरीच कुणी बाई मोजत असते.

आधी माझा हिशेब सांगते. एका पाच पदरी तन्मण्याला काचेचे मोती ९० रुपयांचे, मधलं खोड ११० चं, दोरा, गोंडा आणि हुक मिळून ४०, डबी २० ची. झाले २६०. मी तो ३०० ला द्यायचे आणि चाळीस रुपये सुटले म्हणून खूश असायचे. गाठवायला तीन तास लागतात. बाजारात जाऊन मोती निवडणं, फोटो काढणं, ‘यात हिरवा रंग मिळेल का’ या प्रश्नांना उत्तरं देणं, बांधून पाठवणं, हा आणखी एक तास. चार तासांचे चाळीस रुपये, म्हणजे तासाला दहा. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना मी तासाला दहा रुपये देऊ केले असते तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

आता खरा हिशेब. सामान २६०. तासाला ८० रुपये धरले तर चार तासांचे ३२०. झाले ५८०. तुटलेले मणी, परत आलेला माल, वीज, शिकताना वाया गेलेलं सामान, यासाठी ६० धरा. ६४०. वरचे ६० रुपये धंद्याचे, पुढचा माल भरायला. म्हणून सातशे. यात लूट कुठे आहे ते मला कुणीही दाखवावं.

‘पण तू काही त्या पैशांवर घर चालवत नाहीस ना?’ असं मला खूप जणींनी विचारलं. नाही चालवत. माझ्या घरी नवऱ्याचा पगार येतो. पण हे उत्तर किती वाईट आहे ते मला आमच्या पेठेतल्या एका बाईंनी समजावलं. त्या पटवेकरी. सराफाकडून सुटं सोनं येतं, त्या ते दोऱ्यात गाठवून देतात. सासऱ्यांपासून चालत आलेलं काम. मालक वारल्यावर घर त्यांच्यावरच आहे. गाठ मारताना दोरा किती ताणायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही फुकट. दोन वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या, ‘ताई, राग मानू नका. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि तुमचा भाव सांगतं. म्हणतं, जैनांच्या ताई तर मजुरी घेतच नाहीत, तू कशाची घेतेस? तुमचं घर भावोजींच्या पगारावर चालतं. माझं ह्या दोऱ्यावर चालतं.’

मी काहीच बोलू शकले नाही. मी ज्याला छंद म्हणत होते, सेवा म्हणत होते, त्याने त्यांचा भाव पाडला होता. मी कुणाचं काही चोरलं नव्हतं, तरी त्यांच्या ताटातलं कमी झालं होतं.

हुपरीला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे चांदीच्या पैंजणांचं काम घराघरांत चालतं, आणि त्यात बायकांचे हात किती असतात ते आपण पाहिलेलं आहे. दुकानाच्या काचेमागे पैंजण चमकतं तेव्हा त्या हातांचं नाव कुठेच नसतं. ते निदान मजुरीवर तरी काम करतात. आपण शिकल्यासवरलेल्या बायका तेवढीही मागायला लाजतो, आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

आता धर्माकडे येते, कारण खरा अडसर तिथेच उभा केला जातो. ‘आपल्याला अपरिग्रह शिकवलाय, बाईने पैशाच्या मागे कशाला लागायचं?’ हे मला एका काकूंनी मंदिरात दर्शन झाल्यावर पायऱ्यांवरच ऐकवलं. काकूंचा मान राखून सांगते, श्रावक-श्राविकेला परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. म्हणजे आपल्याजवळ किती ठेवायचं त्याची मर्यादा आपण ठरवायची. ज्याच्यावर माझा हक्कच नाही, त्याची मर्यादा मी कशी ठरवणार? चातुर्मासात दानाची बोली लागते तेव्हा आपल्यातल्या किती जणी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात? पाचशे रुपयांची पावती फाडायलासुद्धा विचारावं लागतं. ते दान त्याचं असतं, आपण फक्त पुढे होऊन देतो. मागच्या वर्षी मी माझ्या कमाईतून आहारदानाच्या खर्चाला हातभार लावला. रक्कम लहान होती. पण ती सोडताना काहीतरी माझं सुटतंय, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

आणि व्रतांचंच बोलायचं तर अचौर्याचंही बोलू. दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार येतात. त्यात हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे मापात कमी-जास्त करणं. प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे खोटं खऱ्याच्या जागी खपवणं. विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणं. दागिन्यांच्या धंद्यात उतरणाऱ्या बाईसाठी याहून नेमका धडा मला कुठल्या व्यवसाय शिबिरात मिळाला नाही.

इमिटेशन दागिना विकणं हे काही पाप नाही. पितळेला सोन्याचं पाणी दिलंय, असं सांगून विकलं तर तो सरळ व्यवहार. पण ‘वन ग्राम गोल्ड’ म्हणायचं आणि त्यात एक ग्रॅम सोनं आहे अशी समजूत होऊ द्यायची, हा प्रतिरूपकव्यवहार. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. ‘सिल्व्हर’ या शब्दावर गिऱ्हाइकाला फसू देऊ नका. निकेलने काही जणींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतो, तेही आधीच सांगा. मी प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घालते: धातू कुठला, पाणी कशाचं, अत्तर आणि घाम लागला तर काय होईल. त्या चिठ्ठीमुळे काही गिऱ्हाइकं गेली. राहिली ती परत परत येतात.

अहिंसेचंही तेच. संवर्धित मोती काढताना बहुतेक शिंपल्यांतला जीव जातो. पोवळंही जिवाचंच. जुन्या बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरतात, आणि श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार सांगितलेला आहे. म्हणून माझ्याकडे काचेचे मोती, भरीव किंवा रिकामे धातूचे मणी आणि सुती किंवा नायलॉनचा दोरा. रेशीम नाही. ‘रेशमाचा गोंडा नाही तर शोभा काय?’ म्हणणाऱ्यांना मी दुसरीकडे पाठवते. हा छंद होता तेव्हा हे नियम मी सोयीने पाळायचे. धंदा केल्यावर ते लिहून भिंतीला लावले.

राज्याचे नियम म्हटलं की आपण घाबरतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार लागतं. तिचे पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा. फक्त मालच विकणाऱ्या लहान धंद्याला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण परराज्यात किंवा ऑनलाइन बाजारातून विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा, तुमच्या एकटीच्या नावाने. भाजीचे आणि मण्यांचे पैसे एकाच पाकिटात राहिले की धंदा कधी बुडाला ते कळतही नाही.

‘मग पूर्णवेळ करू का?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी लगेच हो म्हणत नाही. सणाच्या दोन महिन्यांच्या विक्रीवर भुलू नका. लग्नसराई नसतानाचे चार महिने मजुरी धरून माल खपतो का, ते आधी बघा. दुसरं म्हणजे तास. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, म्हणजे दुपारी चार वाजल्यापासून स्वयंपाकघर बाईला हाक मारतं, आणि गिऱ्हाइकाचे फोनही नेमके तेव्हाच येतात. पहिली तीन वर्षं मी रात्री अकरापर्यंत गाठवत बसायचे. डोळ्यांचा नंबर वाढला. शेवटी एक दिवस सांगून टाकलं की संध्याकाळच्या भाकरी आता मी एकटी करणार नाही. घरात चार दिवस अबोला होता. आज मुलगा पीठ मळतो, सासूबाई भाकरी थापतात, आणि नवरा भाजी जाळत जाळत शिकला. हे होत नसेल तर धंदा पूर्णवेळ होत नाही. बाई मात्र दुप्पट वेळ राबते.

आपल्या समाजाला बायकांचं कमावणं नवीन आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. शेठ माणिकचंद झवेरी यांची मुलगी मगनबाई लहान वयात विधवा झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, आपल्यासारख्या बायकांनी शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी त्याच वाटेने किती मुलींना शिकवलं. त्या शिक्षणाचा आपल्याला अभिमान आहे, मंडळाच्या भाषणांत त्यांची नावं येतात. मग शिकलेल्या बाईने मजुरी मागितली की आपले चेहरे का उतरतात?

पेठेतल्या त्या बाईंचं सांगायचं राहिलं. मी भाव वाढवला त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले आणि क्षमा मागितली. आता गाठवण्याचं निम्मं काम त्या करतात. मजुरी त्यांनी सांगितली तीच, मी घासाघीस केली नाही. त्यांचा हात माझ्याहून चांगला आहे, गिऱ्हाइकांनाही ते कळतं.

वहिनींनी शेवटी दोन तन्मणी घेतले. चौदाशे रुपये दिले, जरा फुगूनच दिले. मी पावती दिली. पुढच्या भिशीला तुमच्यातल्या कुणी पापड, गोधडी, तोरण किंवा दागिना करून आणला, तर कृपा करून ‘सामानाचे किती झाले?’ असं विचारू नका. किंमत विचारा, आणि ती सांगेल तेवढी द्या. परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि करून आणणारी तुम्ही असाल, तर घरून निघतानाच आकडा ठरवून निघा.