विज्ञान ग्रंथालय आणि दाराबाहेरचा वाचक

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13 हजार शोधपत्रिका आणि त्या वाचण्याची मुभा सहा हजारांहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना. श्रीमंत संस्थेतच जे वाचायला मिळे, ते आता आडगावच्या सरकारी महाविद्यालयापर्यंत पोहोचू शकते. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे स्वागत मोकळ्या मनाने करायला हवे.

तरीही या यादीत नसलेल्या वाचकाचे काय? खासगी महाविद्यालयातले प्राध्यापक, निवृत्त अभियंते, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, लहान कारखान्यात स्वतःच्या हिमतीवर नवे काही करून पाहणारा माणूस. यांनी शोधनिबंध कुठे वाचायचे? विद्यापीठांच्या आणि विज्ञान संस्थांच्या ग्रंथालयांनी त्यांना आत घ्यावे का?

या प्रश्नाचा विचार बेंगळुरूपासून सुरू करणे योग्य ठरेल. भारतीय विज्ञान संस्थेचे ग्रंथालय 1911 सालचे. आज ते जे. आर. डी. टाटा यांच्या नावाने ओळखले जाते. संस्था उभी राहिली ती जमशेटजी टाटांनी त्यासाठी राखून ठेवलेल्या मुंबईतल्या मालमत्तांवर आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या 371 एकर जमिनीवर. पुढे तिचा भार मुख्यतः सरकारी तिजोरीने उचलला. तिथली सेवाही आवाराच्या भिंतीत अडकून राहिली नाही. इंटरनेट नव्हते त्या काळात, 1980च्या दशकात, विद्यापीठ अनुदान आयोगाने याच आवारात राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्र चालवले. दूरच्या विद्यापीठातल्या संशोधकाने आपला विषय कळवायचा आणि केंद्राने त्या विषयावर नव्याने आलेल्या लेखांची यादी त्याला पाठवायची. 2002 मध्ये संस्थेने आपल्या संशोधकांचे निबंध ठेवणारे डिजिटल भांडार सुरू केले. देशातल्या अशा अगदी पहिल्या भांडारांपैकी ते एक. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनीही आयुष्याची अखेरची वर्षे याच शहरात काढली, 1962 मध्ये इथेच प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. वाचकाला त्याचे पुस्तक मिळालेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी 1931 पासून धरला होता. त्यात वाचक कोणत्या संस्थेचा, ही अट नव्हती.

पण दार सरसकट उघडा म्हणणे सोपे आहे आणि ग्रंथपालांच्या अडचणी खऱ्या आहेत. 28 डिसेंबर 2005 च्या संध्याकाळी याच संस्थेच्या आवारात गोळीबार झाला आणि परिषदेसाठी आलेल्या गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा जीव गेला. त्यानंतर फाटकावर होणाऱ्या चौकशीला कोणी नावे ठेवू नयेत. दुसरी अडचण जागेची. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका पाहिलेल्यांना ती चटकन कळेल. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी, शांतता हवी, आणि ती जिथे मिळेल तिथे ती मुले जाणारच. त्यांची गरज खरीच आहे. पण विज्ञान ग्रंथालयाची प्रत्येक खुर्ची अशी भरली, तर ज्याला चाळीस वर्षांपूर्वीचा बांधीव खंड काढून आकृती पडताळायची आहे, तो उभाच राहील. तिसरी अडचण कायद्याची आहे. ऑनलाइन शोधपत्रिका सहसा विकत मिळत नाहीत, त्यांचा परवाना मिळतो. कोणी हजारो लेख एका बैठकीत उतरवून घेतले, तर प्रकाशक सगळ्या संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो आणि शिक्षा निरपराध विद्यार्थ्यांना होते.

या तिन्ही गोष्टी मान्य करूनही माझे मत दाराच्या बाजूने पडते, आणि त्याला कारण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधन संस्थेत नेमणूक नाही, आवड मात्र अफाट. 6174 या संख्येचा विलक्षण गुणधर्म त्यांनी 1949 मध्ये मांडला. पुष्कळांनी त्याकडे करमणूक म्हणून पाहिले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. आज असा शिक्षक संख्या-सिद्धांतावरचा ताजा निबंध वाचू पाहील, तर पडद्यावर त्याला तीस-चाळीस डॉलरची मागणी दिसेल. त्याच निबंधाचे पैसे सरकारने त्याच्याही करातून आधीच भरलेले असतात. हे मला पटत नाही.

मार्ग निघू शकतो. परदेशातल्या अनेक विद्यापीठांच्या परवान्यांत एक साधे कलम असते: ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या कोणालाही तिथल्या संगणकावर वाचता येईल. बाहेरच्या वाचकाची ओळख पटवून नोंदणी करावी, विषय विचारावा, चार-सहा खुर्च्या आणि दोन-तीन संगणक राखून ठेवावेत, परीक्षेच्या दिवसांत वेळ कमी करावी. असे केले तर सुरक्षा, जागा आणि परवाना या तिन्ही अडचणी आवाक्यात येतात. सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिकांना वाचन उपलब्ध करून देण्याचा टप्पा मूळ योजनेच्या आखणीतही आहे, पण तो तिसरा, म्हणजे शेवटचा.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. पत्रिका दिल्लीहून मिळतात, मग ग्रंथालयाला पैसे कशाला, असा हिशेब राज्य विद्यापीठांच्या अर्थसमित्या मांडू लागतील. रिकाम्या झालेल्या ग्रंथपालांच्या जागा भरल्या जाणार नाहीत. तेरा हजार पत्रिकांच्या ढिगात नेमका लेख कसा शोधायचा, संदर्भ कसे नोंदवायचे, पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट पत्रिका कशी ओळखायची, हे नव्या विद्यार्थ्याला शेजारी बसून शिकवणारे माणूस लागते. ते माणूस प्रकाशकाच्या करारात येत नाही. वर्गणीवरचा वाचलेला पैसा त्याच्या पगाराकडेच वळायला हवा.

सध्याच्या मंजुरीची मुदत 2027 अखेर संपते. पुढची बोलणी सुरू होतील तेव्हा प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या नागरिकाचे कलम प्रत्येक करारात लिहून घ्यावे आणि तिसऱ्या टप्प्याची तारीख जाहीर करावी, एवढी मागणी शिक्षण मंत्रालयाकडे आहे. आणि भारतीय विज्ञान संस्थेने त्या कलमाची वाट न पाहता, निदान आपल्या स्वतःच्या छापील संग्रहापुरती, बाहेरच्या वाचकासाठी नोंदणीची खिडकी उघडावी.