गाडी खुशाल खाली आणा, पण कोन मोजून



जुना पिकअप घ्यायचा आणि तो जमिनीलगत उतरवायचा, हे अमेरिकन वेड आता आपल्यातल्याही काही जणांना लागलंय. बाकीचे नाकं मुरडतात, "कंपनीने दिलेली उंची बदलायचीच कशाला?" मला हा आक्षेप पटत नाही. उंची बदला, पण शाफ्टचे कोन मोजल्याशिवाय काम झालं असं मानू नका, आणि दुकानदारालाही मानू देऊ नका.

थिअरी ऑफ मशीन्समधला हूक्स जॉइंट आठवतोय? आपल्याकडचे मिस्त्री ज्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात, तोच. एक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी कोनात जोडलेली दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते. ३ अंशांवर हा फरक ०.१४ टक्के, ६ अंशांवर ०.५५ टक्के. म्हणजे कोन दुप्पट, तर त्रास चौपट! मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलट बसवला तरच तो पुढच्याची चूक पुसून काढतो.

गाडी खाली आणताना नेमकं हेच बिघडतं. माझ्या एका मित्राची १९७३-८७ च्या पिढीतली शेव्हरोले सी-१०. मागचा ॲक्सल पाट्यांच्या खालून वर घेतला, शाफ्ट जवळपास आडवा झाला. गिअरबॉक्सचं मागचं टोक ३ अंश खाली, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर हवं. दुकानाने ॲक्सलवरच्या नव्या बैठका वेल्ड केल्या त्या ६ अंशांवर. साठ मैलांनंतर गाडी थरथरायला लागली. उपाय म्हणून शाफ्टचं बॅलन्सिंग झालं, एकदा नाही, दोनदा. बॅलन्सचा दोष फेरीला एकदा धक्का देतो, कोनाचा दोनदा. तो बॅलन्सिंगने कसा जाणार? शेवटी पाटा आणि बैठक यांच्यामध्ये ४ अंशांची पाचर घातली आणि थरथर थांबली. ४ का, ३ का नाही? कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते एखाद-दोन अंश खालीच ठेवायचं.

म्हणून माझं मत असं. गाडी चारी चाकांवर, रस्त्यावर धावते त्या उंचीला उभी हवी. जॅकवर लटकत्या ॲक्सलचा कोन निरुपयोगी. एअरबॅग असतील तर चालवायच्या उंचीवर मोजा, प्रदर्शनात बसवता त्या उंचीवर नको. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन, तिन्ही आकडे दुकानाकडून लिहून घ्या. दोन्ही क्रॉसचे कोन साधारण ३ अंशांच्या आत हवेत, पण अगदी शून्यही नको. शून्यावर आतल्या सुया जागच्या जागी घासून खड्डे पाडतात.

अँगल फाइंडर काही डॉलरला मिळतो. उलट हायवेवर पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचं टोक रस्त्यावर आपटतं, आणि तेव्हा शेजारच्या सीटवर घरचंच माणूस असतं.

आठ हजारांची रंगरंगोटी करणाऱ्याने तीन आकड्यांसाठी कंजूषी करू नये, बस.

चू. भू. द्या. घ्या.