विजापूरकर कोण, असं मला विचारलं असतंत तर

मागच्या शनिवारी घरी कोल्हापूरला आलो होतो. पाऊस असा लागला होता की रंकाळ्यावर जायचा बेत रद्द करून आम्ही तिघं मित्र आमच्याच माडीवर लॅपटॉप उघडून बसलो. 'मालमोई' नावाचा 2019 चा कोरियन सिनेमा लावला. जपानी राजवटीत कोरियन भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्यांची गोष्ट. कथा रचलेली आहे, पण मागची घटना खरी आहे. 1942 मध्ये कोरियन भाषा संस्थेच्या लोकांची धरपकड झाली, दोघं तुरुंगातच वारले, आणि कोशाचं जप्त झालेलं हस्तलिखित जपान हरल्यावर 1945 मध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं.

सिनेमा संपल्यावर एकजण म्हणाला, "भावा, आपल्याकडं असं कोण होतं काय? म्हणजे पुस्तकं काढून आत गेलेला?" मी टिळक म्हणालो. तो म्हणाला, "टिळक सगळ्यांनाच माहिती हायत. कोल्हापूरचा सांग." मी गप्प.

आता सांगतो. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर. जन्म 1863, कोल्हापूरचेच. राजाराम कॉलेजात प्राध्यापक. संस्थानातली प्रतिष्ठेची नोकरी, म्हणजे आजच्या भाषेत 'सेटल' माणूस. या सेटल माणसाने 1894 मध्ये 'ग्रंथमाला' नावाचं मासिक काढलं. त्यात सबंध ग्रंथच्या ग्रंथ क्रमशः यायचे. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांचं लेखन त्यात आलं. जड मजकूर, वर्गणीदार मोजके, नफ्याचं नावच नको. (आपण एखादा साइड प्रोजेक्ट सुरू करतो आणि तिसऱ्या वीकेंडला सोडून देतो. हे बारा वर्षं चाललं.) त्यामागचा विचार साधा होता. मराठीत ज्ञान नसेल तर मराठी माणसाला ते कायम दुसऱ्याच्या दारात जाऊन मागावं लागणार.

पुढे कॉलेजची नोकरी सुटली. 1905 च्या वंगभंगानंतर राष्ट्रीय शिक्षणाची लाट आली, तेव्हा त्यांनी 'समर्थ विद्यालय' सुरू केलं. सरकारी अभ्यासक्रम नाही, सरकारी अनुदान नाही, शिक्षण मराठीतून आणि जोडीला हाताला उद्योग. शाळा कोल्हापूर, मिरज करत अखेर तळेगाव दाभाड्याला गेली. तळेगाव म्हणजे आपण पुण्याहून मुंबईला जाताना ज्याची पाटी बघतो तेच. 1908 मध्ये तिथेच पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. सरकारने 1910 मध्ये शाळा बंद पाडली.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते 1908 च्या खटल्याने. 'विश्ववृत्त' हे त्यांचं दुसरं मासिक. त्यात एक लेख आला, 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता'. लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला चित्रकार आणि वेदांचा अभ्यासक, असा दुर्मिळ माणूस. वेदांतल्या प्रार्थना रडक्या नाहीत, त्या सामर्थ्य मागतात, असा लेखाचा रोख. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झालेली, तेव्हा सरकारला काय काय दिसत असेल ते बघा. विजापूरकर तुरुंगात गेले. मासिकाचं काम बघणारा सव्वीस वर्षांचा तत्त्वज्ञानाचा एम. ए. तरुणही गेला. त्याचं नाव वामन मल्हार जोशी. होय, 'रागिणी'वाले वा. म. जोशी! शाळेत धड्याखालची लेखकाची माहिती पाठ केली असेल तरी ही भानगड आपल्या लक्षात राहिलेली नसते. सातवळेकरांनाही पुढे उत्तरेतून पकडून आणलं.

सव्वीस वर्षं. मी सव्वीसचा होतो तेव्हा अप्रेझलमध्ये आपल्याला अपेक्षित रेटिंग मिळालं नाही म्हणून आठवडाभर कुणाशी धड बोललो नव्हतो.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. हे सगळं मी आमच्या वडिलांना कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी पेपर खाली ठेवून एवढंच विचारलं, "वेदोक्ताच्या वेळी ते कुणीकडं होते?"

आमच्या घरात हा प्रश्न पुस्तकी नाही. माझे पणजोबा शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगात राहून शिकले. ते बोर्डिंग नसतं तर ते गावातच राहिले असते, आणि मी आज हे टाइप करत बसलो नसतो. आणि विजापूरकर होते टिळकांच्या गोटात. महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असं राजोपाध्ये म्हणाले, तेव्हा टिळकांनी राजोपाध्यांची बाजू घेतली. विजापूरकरांच्या 'समर्थ' पत्राचा सूरही महाराजांच्या विरोधातला. 1902 च्या 26 जुलैला महाराजांनी नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा ठेवल्या, तेव्हाही या मंडळींना ते रुचलं नाही.

आता गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही). वेदांचे मंत्र छत्रपतींच्या कानावर पडू नयेत असं म्हणणारा एक पक्ष. आणि काही वर्षांनी त्याच पक्षातला माणूस वेदांतल्या प्रार्थना छापल्या म्हणून तुरुंगात. मंत्र छापल्याने सरकार हादरत असेल, तर तेच मंत्र पंचगंगेच्या घाटावर राजाला का नाकारले? हा प्रश्न विजापूरकरांना तुरुंगात पडला का, ते मला माहीत नाही. मला मात्र पडतो.

काही लोक यावर म्हणतात, जुन्या गोष्टी उकरू नका, तो माणूस देशासाठी तुरुंगात गेला. दुसरे म्हणतात, असल्या लोकांचं नावही घेऊ नका. मला दोन्ही पटत नाही. मला ग्रंथमालेचे विजापूरकर हवे आहेत, आणि वेदोक्तातले विजापूरकर चुकले असं म्हणायची सोयही हवी आहे. पणजोबांच्या बोर्डिंगचं ऋण मानणाऱ्याने हे म्हटलं तर उलट त्याला जास्त वजन आहे, असं माझं मत. आपल्याकडे मात्र माणूस एकतर भिंतीवर लावतात नाहीतर अडगळीत टाकतात. विजापूरकर अडगळीत गेले आणि त्यांच्याबरोबर मराठीतून ज्ञान देण्याचा प्रश्नही गेला. तो प्रश्न तर शाहूंचाही होता! त्यांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, ते खेड्यातल्या पोरांसाठीच ना?

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. वा. म. सुटून आले आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवायला गेले. सातवळेकर औंधला जाऊन बसले, वेदांच्या संहिता छापल्या, आणि घरबसल्या संस्कृत शिकता यावं म्हणून 'संस्कृत स्वयंशिक्षक' लिहिलं. 1968 साली वारले तेव्हा वय शंभरच्या वर. म्हणजे घाटावर जे अडवलं गेलं होतं, ते या माणसाने छापून कुणालाही विकत घेता येईल असं करून ठेवलं. विजापूरकर 1926 मध्ये गेले, त्याआधी तळेगावची शाळा त्यांनी पुन्हा उभी केली होती.

वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आमच्याकडे 'बरं' म्हणजे बरंच काही असतं. मग पेपर उचलता उचलता म्हणाले, करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन ग्रंथमालेचे जुने अंक बघायला मिळतील का विचार. पुढच्या शनिवारी जाईन. पाऊस असला तरी.