फरशीखालचे पाणी

मागच्या महिन्यात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक भगिनी विहारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, घरात पाणी निघतंय. जमिनीतून." घर तळमजल्याचे, दोन खोल्यांचे, सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून बांधलेले. स्वयंपाकघरात मोरीपासून हातभर अंतरावर फरशीचा एक पट्टा भर उन्हाळ्यातही वाळत नव्हता. शेजारच्या कोणीतरी जागेत दोष असल्याचे सांगितले. वास्तू पाहणारा आला आणि एकवीसशे रुपये घेऊन मोरीचे तोंड फिरवायला सांगून गेला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा माणूस शिरला कसा, असे आम्ही विचारले तेव्हा त्या खाली पाहू लागल्या. "पोरगं काविळीने पडलं होतं भाऊ. डोकं चालत नव्हतं." यावर आम्ही काय बोलणार?

वास्तूवाल्यानंतर प्लंबर आला. त्याचे म्हणणे, सगळी फरशी उखडल्याशिवाय काही कळायचे नाही. आम्ही म्हटले, घण उचलण्याआधी पाणी कोणाचे ते तरी ठरवू. नळाचे, मोरीचे की जमिनीचे?

जमिनीची ओल पावसाळ्यात वर चढते, सगळ्या भिंतींना थोडीफार लागते आणि दिवाळीपर्यंत उतरते. इथे ती एकाच जागी आणि बारमाही होती, म्हणून तो प्रश्न मिटला. मोरीचे पाणी तपासायला सोपे असते. मोरीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवावा, चार बोटे पाणी भरावे, कडेला कोळशाने रेघ मारावी आणि तासभर मोरी वापरू नये. पाणी रेघेखाली उतरले तर मोरी गळते. या घरी रेघ जागच्या जागी राहिली. राहिला नळ.

नळाचा साक्षीदार म्हणजे मीटर. पुष्कळ घरांत मीटरचे झाकण बिल वाचणाऱ्याशिवाय कोणी उघडत नाही. मीटरचे काळे आकडे घनमीटरचे असतात, म्हणजे एक अंक पुढे सरकला की हजार लिटर. लाल आकडे किंवा लाल काट्याच्या लहान तबकड्या त्याहून कमी पाणी मोजतात. पाणी आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे मीटरकडे पाहू नये, कारण नळीतली हवाही त्याला फिरवते. मग घरातले सगळे नळ बंद करावेत, संडासातली टाकी आणि पिंपात सोडलेली नळीसुद्धा, आणि आकडे कागदावर लिहावेत. आम्ही त्या घरी दहा मिनिटे थांबलो. एक थेंब कोणी वापरला नाही आणि मीटर पाच लिटर पुढे गेला.

हिशेब हा आमचा धंदाच. दहा मिनिटांना पाच म्हणजे तासाला तीस लिटर. त्यांच्याकडे पाणी रोज दोन तास येते, तेव्हा महिन्याला अठराशे लिटर मातीत जातात. चोवीस तास पाणी असते तर हाच आकडा एकवीस हजार सहाशे झाला असता. महाडच्या ओंजळभर पाण्यासाठी 1927 साली आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, हे त्या घरातल्या आजींना सांगावे लागले नाही. त्याच म्हणाल्या.

पुढचे काम उंबऱ्याजवळच्या व्हॉल्व्हने केले. तो बंद केल्यावर मीटर थांबला तर गळती घरात, चालू राहिला तर मीटर आणि उंबरा यांच्यामध्ये. इथे थांबला. मग रात्री, गल्ली शांत झाल्यावर, ज्यांना जास्त पाणी लागते अशा एका शेजाऱ्याच्या पंपावर उद्याची टाकी भरू नका म्हणून विनवणी करून, आम्ही पहाटेच्या पाण्याची वाट पाहिली. पहारीचे एक टोक फरशीवर आणि दुसरे कानाला लावले की वाहते पाणी ऐकू येते. भांड्याला बारीक भोक असावे तसा तो सूं आवाज असतो. मोरीच्या भिंतीजवळ तो मोठा होता. तिथेच लाकडाने ठोकल्यावर फरशी पोकळ वाजली, म्हणजे खालची माती वाहून गेली होती.

एवढीच जागा फोडली. दोन फूट बाय दोन फूट. भिंतीखाली पायावर काँक्रीटची पट्टी असते, तिला छन्नी लावू द्यायची नाही, हे मात्र प्लंबरच्या डोक्यावर उभे राहून पाहावे लागते. खाली जुनी लोखंडी नळी होती आणि तिच्या कोपऱ्याच्या जोडाचे आटे गंजून कागदासारखे झाले होते. जस्ताचा मुलामा ओल्या मातीत किती दिवस टिकणार? शिवाय हातभर अंतरावर गल्लीचे गटार.

बिलापेक्षा ही गोष्ट आम्हाला जास्त टोचली. पाणी गेले की नळी रिकामी होते, आणि उताराला कोणाचा नळ चालू असला की ती उलटे ओढू लागते. ज्या भोकातून सकाळी चांगले पाणी बाहेर जाते त्याच भोकातून दुपारी गटाराचे आत येते. मुलाची कावीळ याच पाण्याची, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळ उकळून प्यायला लावले.

प्लंबर रबर गुंडाळून पट्टी आवळायला निघाला होता. ती पट्टी आठवडाभराची सोय. एक जोड गेला की त्याच वयाचे बाकीचे रांगेत असतात. जुनी नळी दोन्ही टोकांना बूच मारून जमिनीतच सोडून दिली आणि नवी प्लॅस्टिकची नळी भिंतीवरून उघडी नेली. दिसायला ती बरी दिसत नाही, सूनबाई अजून कुरकुरतात, पण उद्या गळली तर डोळ्यांना दिसेल. जोडाचे सोल्यूशन दिवसभर वाळू दिले, मग पुन्हा मीटरपाशी दहा मिनिटे बसलो. काटा हलला नाही, तेव्हाच खड्डा बुजवायला परवानगी दिली. चिखल काढून मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसाने ठोकत भरला. एकदम भरला की पुढच्या वर्षी तिथे फरशी बसते. वरच्या काँक्रीटवर आठ दिवस ओले गोणपाट ठेवायचे काम आजींनी मागून घेतले.

वाढलेल्या बिलाबद्दल पाणी खात्याकडे अर्ज दिला आहे. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे मीटरचे आकडे तारखेसह, प्लंबरची पावती, गंजलेल्या जोडाचा फोटो. पोच घेतली आहे, सवलत मिळते का पाहू. अर्जाचा मसुदा कोणाला हवा असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. येताना मागची तीन बिले आणावीत.