‘रिडक्टिव्ह’ नावाची शिवी

आपल्या चर्चासत्रांत एक शब्द असा आहे की तो उच्चारला की पुढची चर्चा बंद पडते. ‘हे वाचन फार रिडक्टिव्ह आहे.’ मराठीत कोणी सुलभीकरण म्हणतो, कोणी न्यूनीकरण. पण इंग्रजी शब्दाला जी धार आहे ती या दोहोंना नाही, म्हणून शुद्ध मराठीचा आग्रह धरणारेही इथे इंग्रजीच वापरतात.

मागे एका चर्चासत्रात एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने ग्रामीण कादंबरीवर निबंध वाचला. कादंबरीत कोणी कोणाकडून किती पैसे घेतले, व्याज काय ठरले, जमिनीचा कोणता तुकडा कधी गहाण पडला, याचा त्याने तक्ता मांडला होता. नायकाच्या ज्या निर्णयाला समीक्षक वर्षानुवर्षे ‘अस्तित्वगत’ म्हणत आले, तो निर्णय सावकाराच्या मुदतीच्या आदल्या दिवशी घेतला गेला आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. अध्यक्षांनी वरील वाक्य उच्चारले. मुलगा खाली बसला. या तक्त्यात नेमके काय गळाले, हे कोणी विचारले नाही. सभागृहात मीही होतो आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी बारावीतल्या भाचीशेजारी बसून मॅट्रिक्सचा धडा उलगडायची वेळ आली. त्या धड्यात ‘रिडक्शन’ हाच शब्द एका पद्धतीचे नाव म्हणून येतो, आणि ती पद्धत समजत गेली तसतशी मला त्या अध्यक्षांची (आणि माझी) अधिकाधिक लाज वाटू लागली.

‘गणितातही एक काव्य असते’ छापाचा हा लेख नाही. ते वाक्य बहुधा ज्यांनी गणितही केलेले नसते आणि कविताही नीट वाचलेली नसते त्यांच्या तोंडी असते. माझा मुद्दा त्याहून रुक्ष आहे. ज्या शब्दाची आपण शिवी केली, त्याच्यामागे निदान एका ठिकाणी कडक शिस्त आहे, आणि ती शिस्त आपल्या समीक्षेत नाही.

या पद्धतीचे सर्वांत जुने ज्ञात रूप चीनमधील आहे. ‘नऊ प्रकरणे’ या नावाने ओळखला जाणारा गणिताचा ग्रंथ हान राजवटीच्या काळात संकलित झाला. लिऊ हुई याने इ.स. २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिले. त्याच्या आठव्या प्रकरणातले पहिलेच उदाहरण धान्याचे आहे. उत्तम प्रतीच्या ३, मध्यम प्रतीच्या २ आणि कनिष्ठ प्रतीच्या १ पेंढीतून ३९ मापे धान्य निघते. उत्तम २, मध्यम ३, कनिष्ठ १ यांतून ३४. उत्तम १, मध्यम २, कनिष्ठ ३ यांतून २६. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत धान्य किती? आपल्या पद्धतीने मांडायचे तर असे:

३ २ १ | ३९
२ ३ १ | ३४
१ २ ३ | २६

(मूळ चिनी मांडणी उभी आहे, गणनपटावर काड्या ठेवून केलेली. धन संख्येसाठी लाल काड्या, ऋण संख्येसाठी काळ्या, असे लिऊ हुई सांगतो.) पेंढी, प्रत, धान्य हे सगळे शब्द इथे गेले, उरल्या त्या संख्या आणि त्यांच्या जागा. आमचे अध्यक्ष इथेच हात वर करतील. पण जागा उरली आहे, हे त्यांच्या लक्षात येणार नाही. पहिल्या जागेवरचा ३ आणि तिसऱ्या जागेवरचा ३ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द जातात तेव्हा त्यांचे काम जागेवर सोपवून जातात.

पुढे काय करायचे? दुसऱ्या ओळीची तिप्पट करून तीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा करायची. मिळते ० ५ १ | २४. तिसऱ्या ओळीची तिप्पट करून पहिली ओळ वजा करायची. मिळते ० ४ ८ | ३९. आता या दोन नव्या ओळींत तेच: तिसरीची पाचपट, वजा दुसरीची चौपट. मिळते ० ० ३६ | ९९. म्हणजे कनिष्ठ प्रतीच्या एका पेंढीत ९९ भागिले ३६, अर्थात पावणेतीन मापे. तिथून मागे वर चढत जायचे: मध्यम सव्वाचार, उत्तम सव्वानऊ.

भाचीला हे सगळे येत होते. येत नव्हते ते इतकेच की हे करायला परवानगी कोणी दिली. ‘सर म्हणाले, असं करायचं.’ ओळी आपण बदलल्या. बदललेल्या ओळींचे उत्तर हेच मूळ ओळींचे उत्तर, याची हमी काय? हा प्रश्न तिच्या वर्गात कोणी विचारला नव्हता, आणि विचारता तर परीक्षेला त्याचे गुण नव्हते. असो, गणिताच्या अध्यापकांवर दगड मारायचा अधिकार मराठीच्या अध्यापकाला कितपत आहे, हा प्रश्नच आहे.

हमी अशी आहे. या पद्धतीत तीनच गोष्टी करता येतात. दोन ओळींची अदलाबदल. एखाद्या ओळीला शून्येतर संख्येने गुणणे. एका ओळीत दुसऱ्या ओळीची काही पट मिळवणे किंवा तीतून वजा करणे. तिन्हींचे वैशिष्ट्य एकच: केलेले परत फिरवता येते. वजा केले ते मिळवता येते, तिप्पट केली तिला तीनने भागता येते. म्हणून कोणत्याही टप्प्यावर काहीही हरवत नाही. ‘शून्येतर’ या एका शब्दावर सगळी नीती उभी आहे. ओळीला शून्याने गुणले की ती ओळ मेली, तिच्याकडे परतायचा रस्ता नाही. १९४८ मध्ये अ‍ॅलन ट्यूरिंगने गणकयंत्रांतल्या आकडेमोडीच्या चुकांवर लिहिताना ही सारी प्रक्रिया दोन त्रिकोणी मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या रूपात मांडली. त्यातल्या एकात सरळ झालेल्या ओळी असतात आणि दुसऱ्यात काय किती पट वजा केले याचा हिशेब. दोन्ही गुणले की मूळ संहिता जशीच्या तशी परत.

आता आपल्याकडे पाहू. कथेचे ‘आशयसूत्र’ सांगणारी गाइडे, ‘स्त्रीजीवनाची घुसमट व्यक्त करणारी कादंबरी’ असे एका ओळीत उरकणारी परीक्षणे, दशकांच्या कवितेला ‘महानगरीय संवेदना’ अशी चिठ्ठी लावणारे इतिहासग्रंथ: ही सगळी शून्याने गुणणारी कामे आहेत. त्यांतून मूळ कृतीकडे परतता येत नाही. त्यांना आपण ‘विवेचन’ म्हणतो. आणि जो मुलगा प्रत्येक रकमेपुढे पृष्ठक्रमांक देतो, ज्याच्या तक्त्यावरून कोणीही उठून कादंबरीत परत जाऊ शकते, त्याला आपण ‘रिडक्टिव्ह’ म्हणतो.

यावर ठरलेले उत्तर येते: साहित्यकृती अनेकार्थी असते, तिचे एकच उत्तर नसते. मान्य. पण एकच उत्तर नसणे म्हणजे काय, हे या पद्धतीइतके स्पष्ट मला कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडले नाही. वरच्या उदाहरणातली तिसरी ओळ बदलून पाहा. ५ उत्तम, ५ मध्यम, २ कनिष्ठ, आणि धान्य ७३. ही ओळ पहिल्या दोन ओळींची निव्वळ बेरीज आहे. रिडक्शन करा, ती पूर्ण शून्य होते. म्हणजे तिने नवे काही सांगितलेलेच नव्हते. (आपल्या किती प्रबंधांची किती प्रकरणे या कसोटीला उतरतील?) आता उत्तरे अनंत. कनिष्ठ पेंढीला काहीही माना, तिला साजेशी मध्यम आणि उत्तम मिळते. तर मग वाचकाला पूर्ण स्वातंत्र्य? नाही. मध्यम पेंढी ही नेहमी २४ वजा कनिष्ठ, भागिले ५. उत्तम ही नेहमी ४९ वजा कनिष्ठ, भागिले ५. म्हणजे या अनंत उत्तरांपैकी प्रत्येकात उत्तम पेंढी मध्यम पेंढीपेक्षा बरोबर ५ मापांनी जड आहे. एकही अपवाद नाही. ‘दोन्ही सारख्याच’ असे वाचन करणारा या अनंतात कुठेच बसत नाही.

आणि बेरीज ७३ ऐवजी ७० दिली असती तर? तळाशी डावीकडे सगळी शून्ये आणि उजवीकडे उणे ३ उरते. शून्य बरोबर उणे तीन! पद्धत सांगते की या तीन विधानांपैकी कुठेतरी खोटे आहे, यांना एकत्र घेऊन जगता येणार नाही. एकाच लेखात लेखकाचा मृत्यू जाहीर करून पुढच्याच परिच्छेदात त्याच्या बालपणाचा दाखला देणाऱ्यांना असे काही सांगणारी सोय आपल्याकडे नाही.

या तुलनेची मर्यादा मला दिसते. मराठीत मॅट्रिक्सची ती ‘ओळ’ आणि कवितेची तीही ‘ओळ’; पण मॅट्रिक्समध्ये ओळींची अदलाबदल चालते, कवितेत ती केली तर कविता उरत नाही. शिवाय ही पद्धत एकरेषीय समीकरणांपुरती आहे. अज्ञातांचा परस्परांशी गुणाकार झाला की ती अपुरी पडते, आणि माणसे एकमेकांशी बेरजेपेक्षा गुणाकारानेच जास्त गुंततात. म्हणून कादंबरी या पद्धतीने ‘सोडवा’ असे मी म्हणत नाही. काय बदलले, किती पट वजा केले, आणि ते परत फिरवता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे द्या, इतकीच मागणी आहे. कवितेला त्या लागू नाहीत म्हणून समीक्षेला त्यांतून सूट मिळत नाही.

आणि हे काही आपल्याला परके नाही. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ बाराव्या शतकातले, पद्यात लिहिलेले. त्यात अज्ञातांना नावे आहेत यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक. आणि अनेक अज्ञातांच्या समीकरणांच्या प्रकरणाचे नाव अनेकवर्ण. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षरही. एकेका रंगाचे मूल्य इतर रंगांत काढून तो रंग बाजूला सारत जाण्याची रीत त्यात आहे. त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला, म्हणजे हे अगदी आपल्या अंगणातले. ‘मॅट्रिक्स’ या शब्दाला गणितात आणणारा सिल्व्हेस्टर (१८५०) गर्भाशयाच्या अर्थाने तो शब्द उचलतो, आणि पुढे १८७० मध्ये पद्यरचनेच्या नियमांवर पुस्तक लिहितो. कला शाखा आणि विज्ञान शाखा यांच्यामधली भिंत या माणसांनी बांधलेली नाही. ती अकरावीच्या प्रवेश अर्जात आहे, आणि ‘मला बाई गणित कधी कळलंच नाही’ हे कौतुकाने सांगणाऱ्या आमच्या स्टाफरूममध्ये आहे.

त्या विद्यार्थ्याचा निबंध मी मागवून घेतला. तक्त्यात २३ नोंदी आहेत. १४व्या नोंदीत त्याने नायकाच्या बहिणीचे दागिने गहाण पडल्याची रक्कम धरली आहे, पण ते दागिने कोणी काढून दिले, तिने की आईने, हे सोडून दिले आहे. कादंबरीत त्यावर दीड पान आहे. इथे एक ओळ शून्याने गुणली गेली, असे मला वाटते, आणि तसे मी त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर आले: ‘सर, ते दीड पान मी पुन्हा वाचतो. पण हे त्या दिवशी का नाही विचारलंत?’